खुर्ची आधी उलटी करा

इराण्याच्या हॉटेलातली ती काळपट, वळणदार खुर्ची आता लोकांच्या दिवाणखान्यात येऊ लागली आहे. हौस चांगलीच. पण घेणारे तिच्यावर बसून बघतात, फार तर पॉलिश न्याहाळतात. तिची खरी ओळख पटते ती खालून.

हे कूळ व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटचं. बीचचं लाकूड वाफेवर मऊ करायचं आणि लोखंडी साच्यात वाकवायचं. १८५९ सालची त्याची १४ नंबरची खुर्ची म्हणजे लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, बस्स. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, त्यामुळे ती जहाजांतून कुठल्या कुठे पोचली. १८६९ मध्ये थोनेटचा एकाधिकार संपला आणि कोनसारख्या कंपन्याही अशाच खुर्च्या काढू लागल्या. तेव्हा दुकानदार सरसकट ‘थोनेट’ म्हणाला तरी मान डोलवू नका. कोनची खुर्चीही काही कमअस्सल नसते.

कंपनीचं कागदी लेबल किंवा छाप बैठकीच्या कड्याला आतून असतो. माझ्या खुर्चीला तिथे कोनचं लेबल होतं, अर्धवट फाटलेलं, पण नाव लागत होतं. ‘वरवर हात मारा’ असं बजावून ती पॉलिशला दिली. परत आली ती मशीनने सगळीकडून घासून, लेबलासकट, वर चकचकीत मेलामाइन मारून. ‘एकदम नवी करून दिली!’ कारागीर मनापासून खूश होता. त्याच्याशी काय भांडणार?

म्हणून तोंडी सांगण्यावर राहू नका. लेबलाचा फोटो काढा, ती जागा कारागिराला बोट ठेवून दाखवा आणि ‘आतून घासायचं नाही’ हे पावतीवर लिहून घ्या. खरं तर बहुतेक खुर्च्यांना पॉलिश लागतच नाही. घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून थोडं मेण चोळलं की पुरतं. स्पिरिट मात्र लावू नका, जुनं लाखेचं पॉलिश त्यात विरघळतं.

घेताना पाठीच्या वळणावरून नजर फिरवा. वाकवलेल्या लाकडाचे रेषे वळणाबरोबर अखंड वळतात. मध्येच सांधा दिसला तर समजा, तुकडे कापून जोडलेत. अधिकच्या खाचेचा स्टार स्क्रू १९३०च्या दशकानंतरचा. तो दिसला म्हणजे एक तर दुरुस्ती झाली आहे, नाहीतर मालच नवा आहे. झीजही बघा: पाय टेकतात त्या खालच्या कड्यावर ती जास्त हवी. सगळीकडे सारखीच झिजलेली खुर्ची मला संशयास्पद वाटते.

वेत नुसता सैल असेल तर खालून ओल्या फडक्याने भिजवून रात्रभर वाळू द्या, बराचसा ताणला जातो. तुटला असेल तर विणाईचा खर्च धरूनच भाव करा. कड्याला भोकं असतील तर वेत हाताने विणावा लागतो. सलग खाच असेल तर तयार जाळी बसते, आणि ती बरीच स्वस्तात होते.