क्यूएमूतला बग नोंदवा, मग दुरुस्तीही तपासा

चला, बसा. लिनक्सचा संगणक, गिट, गिटलॅबवर खातं आणि डिस्कवर काही जीबी मोकळी जागा, एवढं असलं की झालं. समजा, तुम्ही व्हर्च्युअल मशीन रीबूट करता आणि आतली सिस्टिम राहते बाजूला, ती चालवणारं क्यूएमूच धाडकन बंद पडतं. आत चालतो तो गेस्ट, बाहेरचा खरा संगणक तो होस्ट. कमांड मी तोंडाने सांगाव्यात तशा लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या. आणि क्रम मोडायचा नाही!

आधी बग

१. टर्मिनलमध्ये आलेला शेवटचा मजकूर एका फाइलमध्ये चिकटवून ठेवा. फोनने काढलेला फोटो नको, त्यातली ओळ कुणाला शोधता येत नाही.

२. 'क्यूएमू-सिस्टिम-एक्स८६_६४ --व्हर्जन' चालवून येणारा आकडा जसाच्या तसा उतरवून घ्या. नुसतं "लेटेस्ट" लिहू नका. वर्षाला तीन आवृत्त्या निघतात, गणपतीतलं लेटेस्ट नाताळात शिळं होतं.

३. मशीन सुरू करणारी पूर्ण कमांड मिळवा. व्हर्ट-मॅनेजर वापरत असाल तर ती तुम्ही कधी पाहिलेलीच नसते. '/व्हार/लॉग/लिबव्हर्ट/क्यूएमू' या फोल्डरमध्ये मशीनच्या नावाची लॉग फाइल असते, तिच्यात ती पानभर पसरलेली सापडेल. मूळ प्रत जपून ठेवा आणि हाताने चालवायच्या प्रतीतून 'एफडी=' असलेले पर्याय काढा, ते लिबव्हर्टशिवाय चालत नाहीत.

४. गिटलॅबवरून क्यूएमूचा सोर्स क्लोन करा. हे टाळलंत तर तुम्हाला पहिला प्रश्न "मास्टरवर, म्हणजे ताज्या सोर्सवर, होतंय का?" हाच येणार.

५. सोर्सच्या आत 'बिल्ड' फोल्डर करून तिथून '../कॉन्फिगर --टार्गेट-लिस्ट=एक्स८६_६४-सॉफ्टएमएमयू --एनेबल-डीबग' द्या. टार्गेट-लिस्ट विसरलात तर क्यूएमूला येतात तेवढे सगळे प्रोसेसर ते बांधायला घेईल, आणि दुपार गेली म्हणून समजा.

६. 'मेक' चालवा आणि चहा टाका.

७. तीच कमांड आता नव्या बायनरीने चालवा, शेवटी '-स्नॅपशॉट' जोडून. नावाआधी './' लावायला विसरू नका, नाहीतर जुनंच क्यूएमू चालेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. स्नॅपशॉटमुळे डिस्कवरचं लिखाण तात्पुरत्या फाइलमध्ये जातं, मूळ इमेज शाबूत राहते. बग दिसलाच नाही? मग तो मास्टरमध्ये सुटलेला आहे. तुमच्या उबुंटूला किंवा फेडोराला कळवा, पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत.

८. कमांडमधला एकेक पर्याय काढत पुन्हा पुन्हा चालवून बघा. घरातला एमसीबी पडला की आपण एकेक बटण बंद करत खोडी कुठे आहे ते शोधतो, तसंच. साउंड कार्ड काढलं, बग आहेच? राहू दे काढलेलं. यूएसबी काढलं, बग आहेच? तेही गेलं. व्हर्टिओ डिस्क बदलून आयडीई केली आणि बग गायब? परत लावा, गुन्हेगार तिथेच कुठेतरी आहे. एका वेळी दोन पर्याय काढायचा मोह आवरा. शेवटी दोन ओळींची कमांड उरायला हवी. माझं विचाराल तर अख्ख्या कामातली सगळ्यात मोलाची पायरी हीच. चाळीस पर्यायांची कमांड पाहून लोक टॅब बंद करतात, दोन ओळींची असेल तर सहज चालवून बघतात.

९. '-अ‍ॅक्सेल केव्हीएम' (थेट होस्टच्या प्रोसेसरवर) बदलून '-अ‍ॅक्सेल टीसीजी' (सगळं सॉफ्टवेअरमध्ये) करा. इथे '-सीपीयू होस्ट' असेल तर एरर येईल, त्या जागी 'मॅक्स' लिहा. आता सगळं गोगलगायीसारखं चालेल, ते हँग झालं समजून मारू नका. बग फक्त केव्हीएमवरच दिसत असेल तर होस्टच्या कर्नलची आवृत्तीही टिपून ठेवा, दोष तिकडचा असू शकतो.

१०. पुन्हा मूळ अ‍ॅक्सेलवर येऊन क्यूएमू जीडीबीत चालवा. 'रन' देण्याआधी 'हँडल सिगयूएसआर१ नोस्टॉप नोप्रिंट पास' द्या, नाहीतर जीडीबी दर क्षणाला थांबून तुमचा जीव खाईल. क्रॅश झाला की 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी'. नुसत्या 'बीटी'वर एकाच थ्रेडची हकीकत मिळते आणि क्यूएमूत थ्रेड पुष्कळ असतात.

११. जुन्या आवृत्तीत हे नीट चालत होतं का? मग 'गिट बायसेक्ट' करा: आधी 'स्टार्ट', मग 'बॅड', मग चालणारी आवृत्ती 'गुड' म्हणून. गिट मधला एक कमिट समोर ठेवेल. तो बांधायचा, चालवायचा, गुड की बॅड ते सांगायचं. हजार कमिट असले तरी दहा-एक फेऱ्यांत दोषी कमिट हाती लागतो. एखादा कमिट बांधलाच जात नसेल तर अंदाजाने गुड-बॅड म्हणू नका, 'स्किप' द्या. एक चुकीचं उत्तर आणि तुम्ही भलत्याच माणसाच्या दारात उभे! झालं की 'रीसेट'.

१२. एररमधली खास ओळ, शक्यतो असर्टची, गिटलॅबवरच्या जुन्या नोंदींत शोधा. सापडली तर नवी नोंद न करता तिथेच तुमची छोटी कमांड द्या. "मलाही" एवढंच लिहून कुणाचं भलं होत नाही.

१३. नसेल तर नवी नोंद उघडा. पण जरा थांबा: गेस्टमधला माणूस या बगचा फायदा घेऊन होस्टच्या मेमरीपर्यंत पोहोचू शकेल असं वाटतंय? मग उघड्यावर काही लिहू नका, क्यूएमूच्या सुरक्षा टीमला खाजगीत कळवा. (फक्त टीसीजीवर दिसणारा बग ते सुरक्षेचा मानत नाहीत, तो साधा बग म्हणून उघडपणे नोंदवा.)

१४. नोंदीचा साचा वरून खाली भरा. होस्टची माहिती, गेस्टची माहिती, कमांड, बग घडवायच्या पायऱ्या. शीर्षकात "क्यूएमू चालत नाही" नको, "व्हर्टिओ डिस्क असलेला गेस्ट रीबूट केल्यावर असर्ट" असं हवं. कमांड आणि लॉगमध्ये पासवर्ड राहिला नाही ना, ते डोळ्यांत तेल घालून बघा. मग पाठवा.

आता दुरुस्ती

कुणीतरी पॅच पाठवला, उत्तम! क्यूएमूत पॅच ईमेलने फिरतात. तो तपासायला बग नोंदवणाऱ्यापेक्षा योग्य माणूस कोण?

१५. मास्टर ताजं करून त्यावरून नवी ब्रँच काढा.

१६. ईमेलचा मेसेज-आयडी देऊन 'बी४ शझॅम'ने पॅच लावा. मेलमधून कॉपी-पेस्ट करू नका, स्पेस बिघडतात आणि पॅच बसत नाही.

१७. कोडआधी कमिटचा मजकूर वाचा. काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच, का बदललं ते इथे हवं. तुमच्या नोंदीकडे बोट दाखवणारी 'रिझॉल्व्ह्ज' ओळ आहे का बघा. 'साइन्ड-ऑफ-बाय' नसेल तर आधी तेच सांगा, त्याशिवाय पॅच घेतलाच जात नाही.

१८. स्क्रिप्ट्स फोल्डरमधलं 'चेकपॅच' चालवा. टॅब का, ओळ लांब का, ही भांडणं यंत्रालाच करू द्या.

१९. मालिकेत एकाहून जास्त पॅच असतील तर 'गिट रीबेस मास्टर --एक्झेक' वापरून प्रत्येक पॅचनंतर बिल्ड करा. शेवटचा बांधला गेला म्हणून मधले ठीक असतात असं नाही, आणि मधला मोडका कमिट पुढे कुणाच्या तरी बायसेक्टमध्ये आडवा येतो.

२०. पॅच नसताना बग होतोय हे पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहा.

२१. मग पॅचसह तीच कमांड चालवा. विसावी पायरी गाळलीत तर या निकालाला अर्थ नाही.

२२. कोड वाचताना गेस्टकडून येणारा प्रत्येक आकडा पेन्सिलीने टिपा. लांबी, ऑफसेट, रजिस्टरमध्ये लिहिलेली किंमत, सगळं. गेस्ट लबाड आहे असं धरून चाला. त्याने लांबी शून्य दिली तर? चार जीबी दिली तर? बफरबाहेर वाचलं जाईल का? नवा असर्ट दिसला तर गेस्ट तिथे मुद्दाम पोहोचू शकतो का ते बघा. पोहोचत असेल तर त्याला अख्खं क्यूएमू पाडता येतं, म्हणजे ही दुरुस्ती नव्हे, नवा बग.

२३. 'व्हीएमस्टेट' असलेल्या भागात नवं फील्ड आलंय का शोधा. आलं असेल तर लगेच हात वर करा. चालू मशीन जुन्या क्यूएमूवरून नव्यावर हलवताना दोन्हींना एकच मांडणी अपेक्षित असते, मधेच एक फील्ड घुसलं की मायग्रेशन फसतं. त्यासाठी सबसेक्शन हवा, किंवा जुन्या मशीन-टाइपला जुनीच वागणूक देणारी सोय. साध्या चाचणीत हे कधीच दिसत नाही, म्हणून वाचूनच पकडायचं.

२४. 'मेक चेक' चालवा.

२५. उत्तर लिहा, पण आक्षेप त्या-त्या ओळीच्या खाली. सगळ्यात वर एक मोठा परिच्छेद ठोकू नका, कुठल्या ओळीबद्दल बोलताय ते कळत नाही. "हे बदलायलाच हवं" आणि "मी असतो तर असं केलं असतं" यांतला फरक स्वच्छ सांगा.

२६. शेवटी तुमची ओळ द्या. चालवून पाहिलं असेल तर 'टेस्टेड-बाय', वाचून पटलं असेल तरच 'रिव्ह्यूड-बाय'. पाचांपैकी दोनच पॅच वाचलेत? मग त्या दोन ईमेलनाच उत्तर द्या, संकोच नको.

२७. दुसरी आवृत्ती आली की 'गिट रेंज-डिफ'ने आधीच्या मालिकेशी ताडून पाहा. तुम्ही वाचलेला पॅच बराच बदलूनही त्यावर तुमचं 'रिव्ह्यूड-बाय' तसंच असेल तर ते काढायला सांगा.

२८. एक-दोन आठवडे शांतता असेल तर त्याच धाग्यात नम्रपणे एका ओळीची आठवण करा. नवा धागा उघडू नका, जुनी चर्चा मागे राहते.