नावाची किंमत

पूर्वी खेड्यातील आठवड्याच्या बाजारात तूप विकावयास येणाऱ्या बाईला आपल्या गाडग्यावर नाव लिहावे लागत नसे. तिचे घर, तिची गुरे, तिचा स्वभाव हे सारे गिऱ्हाइकांस ठाऊक असे. तूप खवट निघाले, तर पुढच्या बाजारी चारचौघांत तिला बोल लागे. ही ओळख हीच तिची जाहिरात आणि हाच तिला धाक.

खारघरसारख्या नव्या नगरात ही सोय उरलेली नाही. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसविली आणि पांडवकड्याच्या परिसरात, बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे या जुन्या गावांच्या अवतीभोवती उंच इमारती उभ्या राहिल्या. तेथे नाना प्रांतांतून आलेली माणसे राहतात. एकाच जिन्याने जाणाऱ्यांनाही पुष्कळदा परस्परांची नावे ठाऊक नसतात. अशा ठिकाणी एखाद्या गृहिणीने घरी पापड लाटून विकावयाचे ठरविले, तर वरच्या मजल्यावरील अनोळखी बाईने ते कशाच्या भरवशावर घ्यावेत? पिशवीवरील नावाच्या! अशा नावाला व्यापारी भाषेत नाममुद्रा म्हणतात.

पण सुबक चित्र काढले आणि गोड नाव छापले की नाममुद्रा झाली, असे कित्येकांना वाटते. ते खरे नव्हे. पापडाचेच उदाहरण घेऊ.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रिया पापड लाटावयास बसल्या. भांडवल ऐंशी रुपयांचे, तेही उसने आणलेले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. ती त्यांनी भुलेश्वरातील ओळखीच्या दुकानदाराकडे दिली. पुढे पावसाळा आला. ऊन नाही, तर पापड वाळणार कसे? चार महिने काम बंद पडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाटेवर पापड पसरले, खाली शेगडी ठेवली आणि पावसाची अडचण दूर केली.

आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत. एक उत्तम, दुसरा हलका व स्वस्त. वरवर पाहता यात शहाणपणच दिसते. परंतु त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी एकाच उत्तम प्रतीचा पापड करावा, असा सल्ला दिला. मला तर या उद्योगाच्या साऱ्या इतिहासात हाच प्रसंग मोठा वाटतो. हलका पापड खाणारा मनुष्य आपण किती पैसे वाचविले हे विसरतो. चव मात्र विसरत नाही.

आश्चर्य असे की, तोवर या पापडाला नावच नव्हते. १९६२ साली स्पर्धा घेऊन ते निवडण्यात आले आणि सुचविणाऱ्या बाईंना पाच रुपयांचे बक्षीस मिळाले. ते नाव म्हणजे ‘लिज्जत’. आपल्या मराठीतील ‘लज्जत’ त्याची सख्खी बहीणच होय! पुढे दूरदर्शनच्या जाहिरातीत रामदास पाध्ये यांचा बाहुला ससा हा पापड खाऊ लागला; पण ससा येण्यापूर्वीच पापड लोकांच्या ताटात पोचला होता.

खारघरच्या गृहिणीने नाव सोपे ठेवावे. दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावासारखे भासेल असे ते नसावे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने नोंदलेल्या नावाला दहा वर्षे संरक्षण मिळते व त्याचे नूतनीकरणही करता येते. पिशवीवर वजन, तयार केल्याचा दिनांक आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक छापावा. एवढे काम एका दुपारी उरकते.

अवघड काम निराळेच असते. श्रावणात एखाद्या दिवशीचे पापड सादळतात. डाळीचे पीठ, हिंग, मिरे आणि दोन दिवसांचे श्रम त्यांत गेलेले असतात. दुकानदाराने पिशव्या उद्याच मागितलेल्या असतात. नावाचे कागद टेबलावर तयार असतात. ते त्या पिशव्यांवर चिकटवावयाचे की नाही, हे ती बाई रात्री एकटीच ठरविते.