हृदयातील मऊ गाठ



हृदयविकाराचा झटका म्हटला की आपण तूप, सिगारेट, मधुमेह, रक्तदाब यांची नावे घेतो. ते बरोबरच आहे. पण यांपैकी काहीच नसलेल्या चाळिशीतल्या बाईला झटका आला, तर? अशा वेळी क्वचित सापडणारे एक कारण आज पाहू.

हृदयाचे चार कप्पे आपण शाळेत पाठ केले. त्यांतल्या वरच्या डाव्या कप्प्यात, मधल्या पडद्याला देठाने लोंबणारी एक गाठ कधी कधी वाढते. तिला मिक्झोमा म्हणतात. अशा सुमारे 75 टक्के गाठी याच कप्प्यात असतात, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतात. गाठ हा शब्द ऐकताच आपल्या लोकांच्या तोंडाला कोरड पडते. पण हा कर्करोग नव्हे. आपला चिकाचा हलवा घट्ट होण्याआधी जसा थलथलीत असतो, तशी ही बहुधा असते. धोका त्या मऊपणातच आहे. दर ठोक्याला ती हलते आणि एखादे वेळी तिचा तुकडा सुटतो. तो रक्ताबरोबर महारोहिणीत येतो. तेथून तो मेंदूकडे गेला तर अर्धांगवायू होतो, आणि हेच अधिक वेळा घडते. क्वचित तो हृदयाच्याच रोहिणीत शिरून तिचा मार्ग अडवतो. मग येणारा झटका नेहमीच्या झटक्यासारखाच असतो. घरच्यांनी कारण शोधत बसू नये. सिंगापुरात 995 फिरवावा.

मात्र अडलेली रोहिणी मोकळी केली, तरी मूळ गाठ आतच राहते. म्हणून ध्वनिलहरींची इको तपासणी महत्त्वाची. आधी धाप लागत होती का, कूस बदलताना किंवा वाकताना चक्कर येत होती का, बारीक ताप, वजन घटणे, हे डॉक्टरांना आठवून सांगावे. नुसत्या नळीने ऐकले तर ही गाठ झडप अरुंद झाल्यासारखी भासते, आणि भले भले फसले आहेत.

उपाय शस्त्रक्रियेचा. 1954 साली स्टॉकहोममध्ये क्राफोर्ड या शल्यविशारदाने हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने अशी गाठ प्रथम यशस्वीपणे काढली. आज ती देठासकट काढल्यावर बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात. थोड्यांना ती पुन्हा होते, म्हणून पुढेही अधूनमधून इको करतात. काही घराण्यांत ती आनुवंशिक असते; रोगी तरुण असेल किंवा गाठी एकाहून अधिक असतील, तर सख्ख्या भावंडांची व मुलांचीही तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.