पूर्वसूरींचे स्मरण

वाराणसीतील रामघाट आणि त्याच्या पुढचे दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा काशीतील मराठी मंडळींच्या वस्तीचा जुना भाग होय. रामघाटावरून नावेने प्रवाहाविरुद्ध दक्षिणेकडे निघाले, म्हणजे मणिकर्णिका व दशाश्वमेध मागे टाकून आपण हरिश्चंद्र घाटाशी येतो. सत्यासाठी राज्य गमावलेल्या राजाने स्मशानात चाकरी पत्करली ती येथेच, अशी श्रद्धा आहे. भारतीय कथाचित्रपटाने आपला आरंभ याच कथेने केला.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला. पुढे १९३२ मध्ये प्रभात कंपनीसाठी व्ही. शांताराम यांनी 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट त्याच कथेवर काढला. हे फाळक्यांना केलेले अभिवादन म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. हरिश्चंद्राची कथा पुराणांची, कीर्तनकारांची आणि रंगभूमीची. फाळके झाले नसते तरी शांतारामांना ती मिळालीच असती. सामाईक वारसा आणि ऋणनिर्देश यांत वाचकाने गल्लत करू नये. पूर्वीच्या कृतीचे जे केवळ तिचेच आहे, त्याला नव्या कृतीने स्पर्श करावा लागतो.

सत्यजित राय यांनी काशीत स्वतःलाच असे स्मरले. 'अपराजितो' (१९५६) मध्ये हरिहर घाटाच्या पायऱ्यांवर कोसळतो. 'जय बाबा फेलुनाथ' (१९७९) मध्ये त्याच नगरीच्या घाटांवर, आता रंगीत चित्रणात, गुप्तहेर फेलूदा तपास करीत हिंडतो. ज्याने पहिला चित्रपट पाहिला आहे, त्याला या खेळकर कथेमागेही तो मृत्यू जाणवत राहतो.

परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या चित्रपटात मात्र अभिवादन निःसंशय आहे. त्यात राजाची कथा नाही, चित्रपट घडविण्याची खटपट आहे. सिनेमात काम करणे तेव्हा कमीपणाचे मानीत. म्हणून आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहोत असे सांगावे, अशी तोड फाळक्यांनी आपल्या माणसांसाठी काढली होती. चित्रपटाचे नाव तेथून आले. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके यांना ती करावी लागली. या अडचणीतून मोकाशींनी निर्मळ विनोद निर्माण केला आहे. हारतुरे नाहीत, हे या वंदनाचे वैशिष्ट्य.

तथापि वंदन करणारा निवडही करतो. मोकाशींची कथा यशापाशी थांबते. १९१९ मध्ये मतभेदांमुळे आपली कंपनी सोडून फाळके काशीस जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. तो खिन्न काळ तिच्यात येत नाही. प्रेक्षकाने ही उणीव ध्यानात ठेवावी, कारण मूळ चित्रपट आज पुरता पाहावयास मिळत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याची केवळ पहिली व अखेरची रिळे म्हणून जपलेला भाग आहे. आणि तोही १९१३ चा नसून, फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या हरिश्चंद्राचा असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे.