‘बाळंतपण करायला आले’ असं म्हणू नका

लेकीचं बाळंतपण करायला आई जाते, यात सांगण्यासारखं काय आहे? साताऱ्यात हे वाक्य कुणापुढे उच्चारलं तर ‘कितवा लागलाय?’ एवढंच विचारतील. मी ते अमेरिकेच्या दारात उच्चारलं आणि पुढचे सात तास बिनखिडकीच्या एका खोलीत काढले.

व्हिसा होता. चांगला दहा वर्षांचा, बी-१/बी-२. मला वाटायचं, व्हिसा मिळाला म्हणजे झालं. तसं नसतं. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जाऊन कडी वाजवायची मुभा. दार उघडायचं की नाही आणि किती दिवसांसाठी, हे काउंटरवरचा अधिकारी ठरवतो. आपण तिथेच राहायला आलेलो नाही, हे त्याला पटवून देणं आपल्या अंगावर.

मुंबईहून निघून वीस-बावीस तास झाले होते, पाय सुजले होते. कशासाठी आलात, त्याने विचारलं. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, इंग्रजी कामापुरतं येतं. मनातल्या मराठीचं जसंच्या तसं इंग्रजी केलं, मुलीची डिलिव्हरी करायला. तुम्ही डॉक्टर आहात? नाही. मग काय करणार? बाळाचं सगळं काम मीच करणार. ‘काम’ म्हटल्याबरोबर त्याने मान वर केली. पैसे मिळणार? मी हसून म्हटलं, दिले तर बरंच होईल! माझ्या वर्गात यावर पोरं खिदळली असती. त्याने पासपोर्ट एका फोल्डरमध्ये सारला आणि मागच्या खोलीकडे बोट दाखवलं.

पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, हे मला ठाऊक होतं. पण नातवंडाला न्हाऊ-माखू घालणं ‘काम’ या सदरात पडेल, हे माझ्या सात पिढ्यांत कुणाला सुचलं नसतं. त्यात भर परतीच्या तिकिटाची. सहा महिने पुरे व्हायला चार दिवस राहिलेले असतानाचं ते तिकीट. जावयाने स्वस्त मिळालं म्हणून काढलेलं.

आत गेल्यावर फोन मागितला, पासकोडसकट. नाही म्हणायची सोय जवळजवळ नाहीच. त्यांचा नागरिक नाही म्हणाला तर त्याचा फोन फार तर ठेवून घेतील. आपण म्हटलं तर परतीच्या विमानात बसवू शकतात. मी दिला. वीस मिनिटांनी दुसरी एक अधिकारी आली आणि तिने स्क्रीन माझ्या नाकासमोर धरला. लेकीचा व्हॉट्सॅपवरचा निरोप होता, तोही नेमका इंग्रजीत. ‘आई, तू आलीस की नॅनीचे पैसे वाचतील.’ शेवटी हसरा चेहरा.

त्यानंतर ती बाई माझ्याशी ज्या आवाजात बोलली, त्या आवाजात मी कधी नापास पोराशीही बोलले नाही. खोटारडी म्हणाली. तोच प्रश्न पाच वेळा, शब्द फिरवून. पाणी मागितलं तर ‘खाली बसा’. बाहेर आठ महिन्यांची पोटुशी लेक ताटकळली होती. तिला एक फोन करू दे म्हटलं, तर नाही. करू दिला असता तरी काय करणार होते? तिचा नंबर फोनमध्ये, आणि फोन त्यांच्याकडे. पंचवीसपर्यंतचे पाढे, वर्ग, घन सगळं तोंडपाठ असलेल्या बाईला लेकीचा नंबर आठवेना. रक्तदाबाची गोळी बॅगेत, बॅग काचेपलीकडे.

लोक म्हणतात, आपणच नीट बोलावं, मग कोण कशाला त्रास देईल. मला हे पटत नाही. माझी उत्तरं चुकली, कबूल. पण चुकीच्या उत्तराला गुण कापतात, मुलाला कोंडत नाहीत. २००९ मध्ये न्यूअर्कला शाहरुख खानलाही असंच बसवून ठेवलं होतं. २०११ मध्ये न्यूयॉर्कला माजी राष्ट्रपती कलामांची विमानात बसल्यावर झडती घेतली आणि अमेरिकेला दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्यांच्यामागे दूतावास उभा राहिला. आपल्यामागे आपली पर्स.

माझ्या शेजारी एक वयस्क गुजराती काका होते. त्यांच्यापुढे कागद आले, त्यांनी सह्या केल्या आणि रात्रीच्या विमानाने परत गेले. काय लिहिलं होतं विचारलं तर म्हणाले, बेन, कोण वाचणार. हे नीट ऐका. परत पाठवायचे तिथे दोन रस्ते असतात. ‘मी स्वतःच अर्ज मागे घेतो’ असं लिहून परतायची परवानगी मिळाली, तर बहुधा तो व्हिसा रद्द होतो, पण पुन्हा अर्ज करता येतो. दुसरा रस्ता तडकाफडकी हद्दपारीचा. त्यात साधारण पाच वर्षं दार बंद. तेव्हा कोणत्या कागदावर अंगठा उठतोय ते कळलंच पाहिजे.

माझ्यापुढे जबाब आला, टाइप केलेला, प्रत्येक पानावर आद्याक्षरं करायची. चष्मा गळ्यात होता म्हणून वाचलं. दुसऱ्या पानावर, ‘मी मुलीकडे आया म्हणून काम करायला आले आहे.’ चाळीस वर्षं पेपर तपासलेत. हात आपोआप पेनकडे गेला. हे माझं वाक्य नाही, म्हटलं, मला मराठी दुभाषा द्या. आधी हिंदीवाला जोडला. मी म्हटलं, मराठी. अर्ध्या तासाने फोनवर एका बाईचा आवाज आला, वऱ्हाडी वळणाचा. ‘बाळंतपण करणे’ याचं तिने इंग्रजीत जे केलं ते मला त्या काउंटरवर सुचायला हवं होतं. मुलीला मूल होणार आहे, या वेळी आई तिच्याजवळ राहते. बस्स. वाक्य खोडलं गेलं.

दुभाषा मागता येतो. मागितल्याशिवाय क्वचितच मिळतो. या चौकशीत वकील सहसा आत येऊ देत नाहीत. मात्र कोठडीत टाकलं तर आपल्या वकिलातीला कळवा, असं सांगायचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिलेला आहे.

तेव्हा जाणाऱ्या आयांनो, मुलीचा, जावयाचा नंबर आणि पत्ता कागदावर लिहून अंगावर ठेवा. गोळ्याही अंगावरच. परतीची तारीख सहा महिन्यांच्या टोकाला नेऊ नका, आणि पेन्शनचा एखादा कागद जवळ असू द्या. विचारलं तेवढंच सांगा, खरं सांगा, विनोद घरी जाऊन करा. निरोप पुसत बसू नका, पुसलेलं सापडलं तर जास्त वाईट दिसतं. मुळात तसे निरोप लिहू नका असं लेकीला सांगा. डिंकाचे लाडू न्या, पण खायचं सामान आहे म्हणून आधीच सांगा. कढीपत्ता नेऊ नका, तो तिथे चालत नाही. आणि आत शिरल्यावर संगणकावर आय-९४ काढून तारीख बघा. मुक्काम तिच्यावर ठरतो, व्हिसावरच्या तारखेवर नाही.

दोन वर्षांनी पुन्हा गेले. कशासाठी आलात? नातीला भेटायला. केवढी आहे? दोन वर्षांची. त्याने पासपोर्ट परत दिला, हसलासुद्धा. एक मिनिटही लागलं नसेल. मी मात्र तिथेच उभी. मागच्या माणसाने ‘मॅडम’ म्हणून हाक मारली तेव्हा लक्षात आलं, हात पर्समध्येच आहे आणि नंबरचा कागद घामाने भिजून बोटांना चिकटलाय.