होम थिएटरसाठी डिस्क प्लेअर निवडताना

होम थिएटरसाठी डिस्क प्लेअर घ्यायचा तर आधी दोन ठिकाणी नीट पाहावे लागते: तबकड्यांच्या कपाटात आणि टीव्ही व रिसीव्हरच्या (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या) पाठीमागे. खोक्यावर छापलेल्या वैशिष्ट्यांपैकी बरीचशी, पुढच्या उपकरणाने ती स्वीकारली तरच उपयोगी पडतात. महागडा प्लेअर आणूनही चित्र पूर्वीसारखेच दिसते, आवाज उलट पातळ वाटतो, असा अनुभव अनेक घरांत येतो. तिथे प्लेअर बहुधा चांगलाच असतो. तो कशाला जोडायचा आहे याचा विचार खरेदीनंतर झालेला असतो.

कपाटात काय सापडते ते आधी पाहावे. मराठी घरांतल्या जुन्या संग्रहात व्हीसीडी पुष्कळ असतात. १९९३ साली ठरलेल्या या मानकात चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे असते आणि एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपासचेच चित्रण मावते. म्हणून एका चित्रपटाला दोन-तीन तबकड्या लागतात. नंतर डीव्हीडी रुळली. मोझर बेअरने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्यावर किमती एकदम खाली आल्या आणि अनेक घरांतली कपाटे भरली. ब्ल्यू-रे २००६ साली आली, १९२० × १०८० बिंदूंचे चित्र घेऊन. आणि ३८४० × २१६० बिंदूंची यूएचडी ब्ल्यू-रे २०१६ साली. यूएचडी प्लेअर ब्ल्यू-रे, डीव्हीडी आणि बहुतेक वेळा ऑडिओ सीडीही वाचतो. उलट मात्र होत नाही: साध्या ब्ल्यू-रे प्लेअरमध्ये यूएचडी तबकडी चालत नाही.

व्हीसीडीची खात्री नवा प्लेअर घेताना कधीच गृहीत धरू नये. काही मॉडेले ती वाचतात, काही वाचत नाहीत, आणि खोक्यावर त्याचा उल्लेख क्वचितच असतो. माहितीपुस्तिकेत कोणत्या तबकड्या चालतात याचा तक्ता असतो. तो दुकानात जाण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून वाचणे हाच भरवशाचा मार्ग. संग्रहात व्हीसीडीवरची नाटके आणि लग्नाची चित्रीकरणे असतील, तर चालू स्थितीतला जुना डीव्हीडी प्लेअर भंगारात देऊ नये. त्याची जागा नवा प्लेअर भरून काढेलच असे नाही, आणि लग्नाची तबकडी बाजारात पुन्हा मिळत नाही.

जुन्या तबकड्या नव्या टीव्हीवर किती चांगल्या दिसतील, याबद्दल अपेक्षा माफक ठेवलेली बरी. भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत ७२० × ५७६ बिंदू असतात. ४के म्हणजे ३८४० × २१६० बिंदूंच्या पडद्यावर त्याच्या बरोबर वीसपट. म्हणजे पडद्यावरच्या वीस बिंदूंपैकी एकाचीच माहिती तबकडीत असते, उरलेले एकोणीस प्लेअर किंवा टीव्ही अंदाजाने भरतो. हा अंदाज चांगल्या प्लेअरमध्ये अधिक नेटका असतो, कडा कमी करवतल्यासारख्या दिसतात, पण नसलेला तपशील कुठूनही येत नाही. फक्त डीव्हीडीसाठी यूएचडी प्लेअर घेण्यात म्हणून अर्थ नाही. टीव्हीमध्येही हे काम करणारी सोय असतेच.

यानंतर प्रदेशाची अडचण. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडले आहेत, त्यात भारत पाचव्या विभागात येतो आणि अमेरिका पहिल्या. ब्ल्यू-रेमध्ये भारत ‘सी’ विभागात, अमेरिका ‘ए’मध्ये आणि युरोप ‘बी’मध्ये. अमेरिकेतल्या मुलाने किंवा भाच्याने प्रेमाने आणलेला प्लेअर भारतात घेतलेल्या तबकड्या नाकारतो, तो याच कारणाने. सगळ्याच तबकड्यांवर असे बंधन नसते. अनेक भारतीय डीव्हीडी सर्व विभागांसाठी काढलेल्या असतात. यूएचडी ब्ल्यू-रेला विभागांचे बंधन नाही, पण त्याच प्लेअरमध्ये ब्ल्यू-रे आणि डीव्हीडी लावताना ते पुन्हा आड येते. परदेशातून प्लेअर आणण्यापूर्वी मागच्या पट्टीवरचा विजेचा आकडाही वाचावा. तिथे १०० ते २४० व्होल्ट लिहिले असेल तर प्रश्न मिटला. नुसते १२० व्होल्ट असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट लावताच जळेल.

टीव्ही फार जुना असेल तर आणखी एक गोष्ट. ब्ल्यू-रेच्या परवान्यातल्या अटींमुळे २०१३ नंतर बनलेल्या प्लेअरवर पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांमधून चित्र बाहेर काढण्याची सोय उरलेली नाही. एचडीएमआय नसलेल्या टीव्हीला नवा ब्ल्यू-रे प्लेअर थेट जोडता येत नाही.

आवाजाच्या बाबतीत मात्र सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून इथे थांबून पाहणे भाग आहे. डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस आवाज आकुंचित केलेला असतो आणि तो ऑप्टिकल केबलमधून सुखाने जातो. ब्ल्यू-रेवरचे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे मूळ ध्वनिमुद्रण जसेच्या तसे परत देणारे प्रकार आहेत. ते ऑप्टिकल केबलमध्ये मावत नाहीत. ब्ल्यू-रे प्लेअर ऑप्टिकलने रिसीव्हरला जोडला तर आवाज येतो, पाचही स्पीकर वाजतात, आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही की डीव्हीडीच्याच दर्जाचा आवाज ऐकू येतो आहे. पूर्ण आवाजासाठी प्लेअरपासून रिसीव्हरपर्यंत एचडीएमआय हवीच.

प्लेअर टीव्हीला आणि टीव्हीवरून साऊंडबारला, ही जोडणी आता घरोघरी दिसते. टीव्हीकडून आवाज पुढे पाठवणारा एचडीएमआय पोर्ट नुसता ‘एआरसी’ असेल तर त्यातून आकुंचित आवाजच पुढे जातो. ‘ईएआरसी’ असेल आणि साऊंडबारवरही तीच सोय असेल, तर ट्रूएचडी आणि त्यावर चढवलेला, वरूनही आवाज देणारा डॉल्बी ॲटमॉस पूर्ण पोहोचतो. हा फरक एका अक्षराचा असला तरी ज्याने छतातले स्पीकर बसवून घेतले आहेत त्याच्यासाठी तो फार मोठा आहे. रिसीव्हर असेल तर प्लेअर थेट त्यालाच जोडावा, टीव्हीला वळसा घालू नये.

रिसीव्हर दहा-बारा वर्षांपूर्वीचा असेल तर वेगळा पेच उभा राहतो. असा रिसीव्हर ट्रूएचडी आवाज उत्तम उलगडतो, पण ४के चित्र आणि त्यासाठी लागणारे एचडीसीपी २.२ हे नक्कलविरोधी संरक्षण त्याला माहीत नसते. यूएचडी प्लेअर त्यातून जोडला की चित्र १९२० × १०८० बिंदूंवर घसरते किंवा पडदा काळाच राहतो. यावर उपाय म्हणजे दोन एचडीएमआय पोर्ट असलेला प्लेअर: एक केबल चित्र घेऊन थेट टीव्हीला, दुसरी फक्त आवाज घेऊन रिसीव्हरला. चांगल्या स्थितीतला रिसीव्हर मोडीत काढण्यापेक्षा असा प्लेअर घेणे केव्हाही स्वस्त पडते, आणि ज्यांच्याकडे जुने भरवशाचे ॲम्प्लिफायर आहे त्यांनी याच एका सोयीवर निवड केली तरी चालेल.

जोडणी बरोबर असूनही आवाज अपुरा येण्याचे एक कारण प्लेअरच्या मेनूत दडलेले असते. ‘बीडी ऑडिओ मिक्स’ किंवा ‘सेकंडरी ऑडिओ’ अशा नावाची एक सोय दिग्दर्शकाचे निवेदन आणि मेनूचे आवाज मूळ ध्वनीत मिसळण्यासाठी असते. ती चालू असेल तर प्लेअरला आवाज स्वतः उलगडून पुन्हा बांधावा लागतो, आणि ट्रूएचडी किंवा ॲटमॉस रिसीव्हरपर्यंत पोहोचतच नाही. ती बंद करावी, आवाजाचे निर्गमन ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’वर ठेवावे, आणि रिसीव्हरच्या पट्टीवर ‘ट्रूएचडी’ किंवा ‘ॲटमॉस’ ही अक्षरे उमटतात का ते पाहावे. कानापेक्षा इथे त्या पट्टीवर विश्वास ठेवावा.

चित्राबाबत एचडीआरचे, म्हणजे उजेड-अंधाराचा पल्ला वाढवणाऱ्या पद्धतीचे, तीन प्रकार लक्षात घ्यावे लागतात. एचडीआर१० प्रत्येक यूएचडी प्लेअरमध्ये असतेच. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ ऐच्छिक आहेत, आणि त्यांचा उपयोग टीव्ही कोणता आहे यावर ठरतो. सॅमसंगच्या टीव्हीवर डॉल्बी व्हिजन नसते, त्यांच्याकडे एचडीआर१०+ असते. एलजीच्या ओएलईडी टीव्हींवर नेमके उलट. आपल्या टीव्हीला न समजणाऱ्या प्रकारासाठी जादा पैसे मोजू नयेत. टीव्हीच्या ज्या पोर्टला प्लेअर जोडला आहे त्याची ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘डीप कलर’सारखी मांडणी चालू करावी लागते, हेही अनेकदा राहून जाते आणि दोष प्लेअरला दिला जातो.

प्रोजेक्टर असणाऱ्यांची गरज निराळी आहे. पडद्यावरचा उजेड टीव्हीच्या मानाने फार कमी असतो, त्यामुळे एचडीआर चित्र काळवंडलेले दिसते. तबकडीतला उजेड प्रोजेक्टरच्या कुवतीत बसवण्याचे काम प्लेअरने चांगले केले तर चित्र पालटून जाते. पॅनासॉनिकच्या यूबी८२० आणि यूबी९००० या प्लेअरांमधली यासाठीची सोय जाणकारांना आवडते ती याच कारणाने. प्रोजेक्टरवाल्याने पैसे वाढवायचे तर इथे वाढवावेत.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. ब्ल्यू-रेवरून तो त्याच गतीने पाठवता येतो. मेनूतले ‘२४पी’ चालू ठेवले की कॅमेरा सरकताना जाणवणारे हलके धक्के जातात. पाल डीव्हीडीत तोच चित्रपट २५ चौकटींनी पळवतात, त्यामुळे अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि गाणी किंचित चढ्या सुरात ऐकू येतात. कान तयार असलेल्यांना ते खटकते. प्लेअर बदलून हा दोष जात नाही, कारण तो तबकडीतच आहे.

यूएचडी तबकडी सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत माहिती देऊ शकते. इंटरनेटवरून येणारा ४के चित्रपट साधारणपणे १५ ते २५ मेगाबिटांत बसवलेला असतो. अंधारातल्या प्रसंगांत, धुक्यात, पावसात हा फरक उघड दिसतो, आणि आवाजात त्याहून जास्त. चांगला पडदा आणि चांगले स्पीकर घरात असतील तर प्लेअरचा खर्च सत्कारणी लागतो. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणाऱ्याने तो पैसा आधी आवाजाच्या व्यवस्थेत घालावा.

बाजारात निवड आता कमी आहे. ओप्पोने २०१८ साली प्लेअर बनवणे थांबवले, २०१९ साली सॅमसंगने अमेरिकेत नवी मॉडेले न आणण्याचे जाहीर केले. सोनी आणि पॅनासॉनिक ही नावे टिकून आहेत. त्यामुळे जुना, वापरलेला प्लेअर घेण्याकडे ओढा वाढतो. त्यात खरी जोखीम लेझरची: तो झिजत जातो आणि बंद झालेल्या मॉडेलचा सुटा भाग सहज मिळत नाही. ज्यांच्या घरी तबकडीचा प्लेस्टेशन ५ आहे त्यांना तोही यूएचडी तबकड्या दाखवतो, मात्र तबकडीवरचे डॉल्बी व्हिजन देत नाही आणि ऑडिओ सीडी मुळीच वाजवत नाही. शास्त्रीय संगीताच्या सीडी ज्यांच्या घरी आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे. एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) ऐकायच्या असतील तर तो शब्द माहितीपुस्तिकेत शोधावा; सोनीच्या एक्स८००एम२ मध्ये ती सोय आहे.

जागा निवडताना प्लेअर रिसीव्हरच्या डोक्यावर ठेवू नये, खालून येणारी ऊब त्याला सोसत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने तबकड्यांवर बुरशी धरते. ब्ल्यू-रेवरची माहिती पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर खोल असते, डीव्हीडीवर ०.६ मिलिमीटर; तबकडी पुसायची तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. वीज कमीजास्त होणाऱ्या गावांत सर्ज प्रोटेक्टर लावावा.

खरेदी झाली की पहिल्याच दिवशी प्लेअर इंटरनेटला जोडून त्याची प्रणाली अद्ययावत करावी. नव्या तबकड्यांच्या संरक्षणाच्या किल्ल्या बदलत असतात आणि जुन्या प्रणालीवर त्या उघडत नाहीत. मग परत करण्याची मुदत संपण्याआधी घरातल्या प्रत्येक प्रकारची एकेक तबकडी शेवटपर्यंत लावून पाहावी, त्यातही दोन थरांची डीव्हीडी आणि १०० जीबीची यूएचडी जरूर. लेझरचा दोष बहुधा थर बदलताना, म्हणजे चित्रपटाच्या मध्यावर किंवा त्यानंतर उघड होतो. पहिली दहा मिनिटे पाहून दिलेली पसंती म्हणून पुरेशी नसते.