पाण्याची उंची आणि पाण्याचा दाब

पावसाळा सरला की पंचगंगा व तिच्या उपनद्यांवरील बंधाऱ्यांत बरगे घालण्याचे काम सुरू होते. कसबा बावड्याजवळील राजाराम बंधारा हा त्यांपैकी सर्वपरिचित होय. खांबांच्या खाचांत बरग्यांच्या दोन रांगा बसवून मधल्या पोकळीत माती भरावयाची, ही ‘कोल्हापूर पद्धत’ राज्यभर रूढ झाली आहे. या कामात सर्वांत मजबूत बरगा तळाशी बसवावा लागतो. त्याचे कारण पाण्याच्या दाबात आहे.

मूळ नियम

१ घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलोग्रॅम असते. म्हणून १ मीटर उंचीचा जलस्तंभ तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ०.१ किलोग्रॅम दाब देतो. यावरून पुढील कोष्टक लक्षात ठेवणे सोपे जाते :

१ मीटर पाणी = ०.१ किलोग्रॅम प्रति चौ. सें.मी. = ९.८१ किलोपास्कल = १.४२ पौंड प्रति चौ. इंच.

१० मीटर पाणी = १ किलोग्रॅम प्रति चौ. सें.मी.

थोडक्यात, मीटरमधील उंचीस १० ने भागले की किलोग्रॅममधील दाब मिळतो. जुन्या मापात २.३१ फूट पाणी म्हणजे १ पौंड दाब. हा दाब केवळ उभ्या उंचीवर अवलंबून असतो. जलाशयाच्या विस्ताराशी त्याचा संबंध नसतो.

बंधाऱ्यावरील भार

समजा, २ मीटर रुंदीच्या गाळ्यात ३ मीटर पाणी अडविले आहे व पलीकडे पाणी नाही. तळाशी दाब ०.३ किलोग्रॅम, पृष्ठभागी शून्य, म्हणजे सरासरी ०.१५ किलोग्रॅम. एकूण क्षेत्र ६ चौ. मीटर असल्याने गाळ्यावरील भार ९,००० किलोग्रॅम होतो. पाणी दीड मीटरच असेल, तर हा भार २,२५० किलोग्रॅम भरतो. खोली दुप्पट झाली की भार चौपट होतो. त्यातही ३० सें.मी. उंचीच्या सर्वांत खालच्या बरग्यावर सुमारे १,७०० किलोग्रॅम भार येतो. कुजका बरगा तळाशी बसविणे किती धोक्याचे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

गावची टाकी

नळास पाणी जोराने येत नाही म्हणून मोठ्या टाकीची मागणी होते. परंतु ५० हजार लिटरऐवजी १ लाख लिटरची टाकी त्याच उंचीवर बांधल्यास साठा वाढेल, दाब वाढणार नाही. टाकीतील पाण्याची पातळी नळापेक्षा १५ मीटर उंच असल्यास, पाणी स्थिर असताना दाब १.५ किलोग्रॅम मिळावा. पाणी वाहू लागले की नळातील घर्षणाने तो घटतो. म्हणून शेवटच्या घरास दाब कमी मिळतो. सर्व तोट्या बंद असतानाही दाबमापक बराच कमी आकडा दाखवीत असेल, तर गळतीचा शोध घ्यावा.

उपसा योजना

नदीपासून ६० मीटर उंचीवरील शेतास पाणी चढविताना पंपाजवळच्या नळावर ६ किलोग्रॅम स्थिर दाब असतो. त्यात घर्षणाची भर पडते. शिवाय वीज अचानक गेल्यास परतणाऱ्या पाण्याचा आघात बसतो. म्हणून तेथे बरोबर ६ किलोग्रॅम क्षमतेचा नळ पुरेसा ठरत नाही. अंदाजपत्रक मंजूर करण्यापूर्वी ग्रामपंचायत व संस्थेच्या सदस्यांनी उंचीचा आकडा १० ने भागून पाहिला, तर नळाची निवड योग्य आहे की नाही, याची प्राथमिक पडताळणी त्यांना स्वतःच करता येईल.